वंगण

माझा बा लोणार-मेहकर रस्त्यावर बैलगाडी हाकायचा. मायला चुलीपुढून उठवेना, गुडघे सुजून बसले, तेव्हा तिला गाडीत घालून त्यानं मेहकरला डॉक्टरकडे नेलं. मीही सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "हाडांच्या टोकांवरची गादी झिजली आहे, सांध्यातलं वंगणही कमी झालंय. झिजलेली गादी परत येत नाही." बानं त्यातलं 'वंगण' तेवढं ऐकलं. गाडीवानाला दुसरं काय ऐकू येणार!

चाकासाठी गाडीखाली टांगलेला एरंडेल तेलाचा बांबूचा नळा त्यानं घरात आणला आणि रोज मायचे गुडघे चोळायला लागला. तेल कातडीतून सांध्यात जात नाही, असं मी चिडून सांगितलं, तर माझ्यावरच खेकसला. घरभर तो उग्र वास, लुगड्याला डाग, आणि मायचं चालणं रोज जास्तच वाकडं. "राहू द्या हो, काऊन तेल नासून राह्यले?" ती म्हणायची.

एका सकाळी ती भिंतीला धरून उठली आणि तिचा गुडघा करकरला. दारात बैल जुंपणारा बा थबकला. कोरडं चाक कसं वाजतं आणि झिजलेलं कसं, हे त्याच्या कानाला पक्कं ठाऊक होतं.

"तेलानं जाणारा आवाज नाही हा," तो म्हणाला. "असं चाक मी काढून टाकतो."

"मंग मले कुठं टाकता?" मायनं विचारलं.

बानं तेलाचा नळा उचलून पुन्हा गाडीखाली टांगला आणि गाडी हाकली.