नंबरभाऊंचे अकरा एक्के

नंबरभाऊंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. मी शेजारची, लहानपणापासून त्यांच्या घरात पडीक, तरी जन्मभर 'बाई'च राहिले. माझ्या नावात एकही आकडा नव्हता, त्याला मी काय करणार?

बल्लारपूरच्या यार्डात मालगाडीच्या कडेनं चालत प्रत्येक डब्याचा अकरा आकडी नंबर वहीत उतरवायचा, ही त्यांची नोकरी. बाकीचे सावलीत बसून अंदाजपंचे नंबर भरत. भाऊ मात्र एका आकड्यासाठी भर उन्हात अख्खी गाडी उलटी चालत जात. वहीत खाडाखोड त्यांना चालत नसे. "शक आला का डब्यापाशी परत जा," म्हणत.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात. भाऊ एका नंबरला लागले. अकरा वेळा एक: अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. तो कशानंच भागला जात नाही, असं त्यांचं म्हणणं. का, तर दोन एक्क्यांचा अकरा फुटत नाही, मग अकरा एक्क्यांचा काऊन फुटन? तीन एक्क्यांचा एकशे अकरा तिनानं फुटतो, हे मी दाखवलं, तर त्याला त्यांनी हलकट ठरवून टाकलं.

मग रोज सकाळी पाच भागाकार, कागदावर. एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढं त्याचं वर्गमूळ येतं, तिथवर एकेक मूळ संख्या घ्यायची. साडेपाच वर्षं लागली. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, तेवढ्या वेळात दोन पोरींची लग्नं उरकली.

शेवटच्या भागाकाराच्या दिवशी त्यांनी मोहल्लाभर जिलेबी वाटली. मला म्हणाले, तुझ्या कॉलेजातल्या सरांना वही नेऊन दाखव. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी तो नंबर आधीच टाकून पाहिला होता. सरांनी हसावं त्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून बोलले.

"भाऊ, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग जाते."

ते भांडले नाहीत. जुनी वही काढली, पान शोधलं. नऊ नव्वे एक्क्याऐंशी, हातचे आठ. भाऊंनी सात धरले होते. बाकी दहा. आणि समासात बारीक अक्षरात: 'आज दहावीचा निकाल. बाई पास.'

निकालाच्या त्या दिवशी सायकल काढून माझ्यासाठी जिलेबी आणायला गेले होते ते. घाईत डब्यापाशी परत गेले नाहीत.

"तुह्या निकालापायी माहा नंबर फुटला," म्हणाले, आणि उरलेली जिलेबी माझ्याच पुढ्यात सरकवली. मला रडू आलं, आणि मी ती खाल्लीही.

मागच्या वर्षी भाऊ गेले. काकूंनी ती वही मला दिली. चुकलेला भागाकार तसाच आहे, खाली नव्या शाईत बरोबरचा, बाकी शून्य. त्याच शाईत समासातही दोन शब्द वाढवलेत.

'आज दहावीचा निकाल. बाई पास. शक नाई.'