वांग्याचा खरा रंग

आमचे भाऊजी छापखान्यात फोटोंचे रंग छपाईजोगे करतात. कागदावर सगळे रंग चार शायांमधूनच काढावे लागतात आणि पडद्यावरची चमक त्यांना झेपत नाही, हे तीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावून त्यांच्या कपाळावर चार कायमच्या आठ्या पडल्या आहेत. ताई म्हणते, प्रत्येक शाईची एकेक.

त्यांच्या खोलीच्या भिंती राखाडी, शर्टही राखाडी. आजूबाजूचा भडकपणा म्हणे डोळ्यांना फसवतो. ताई एकदा लाल स्वेटर घालून डबा द्यायला गेली, तर महाशय म्हणाले, "जरा बाहेर उभी राहा गं, स्क्रीनवर लाली येतेय."

परवा त्यांची गाठ बियाणेवाल्या शेठशी पडली. काम वांग्याच्या बियांच्या पाकिटाचं. पाचपर्यंत प्रूफवर सही झाली नाही तर मशीन दुसऱ्या कामाला जाणार आणि पाकिटं पेरणी उलटल्यावर निघणार. शेठनी सकाळपासून पाच प्रूफं परत केली होती.

"वांगं आजारी दिसतंय. हे बघा, मोबाइलवर कसं हसतंय!"

"शेठ, मोबाइलमध्ये मागून उजेड असतो. कागदामागे काय आहे? टेबल!"

शेवटी भाऊजींनी बाजारातून ताजं वांगं आणून प्रूफशेजारी ठेवलं. रंग तंतोतंत जुळला.

शेठनी दोन्हींकडे पाहिलं. "अहो, हे खरं वांगं झालं. मला चांगलं हवंय!"

भाऊजींनी डोकं धरलं. पाचला वीस मिनिटं होती. आणखी शाई ओतली तर वांगं काळं पडणार. मग त्यांनी वांग्याचा नाद सोडला आणि त्याच्यामागचा निळसर रंग फिका पिवळा केला. त्या पिवळ्यावर तेच वांगं टुणकन उठून बसलं.

"वा!" शेठनी सही ठोकली. "आता कसा रंग काढलात!"

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता.

"वांग्याला मी हातसुद्धा लावला नाही, शेठ. फक्त मागचं—"

छापखान्याच्या मालकांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"काय हा विनय!" शेठ मालकांना म्हणाले. "श्रेयसुद्धा घेत नाही माणूस."

"विनय कसला! रंग तोच आहे! सकाळपासून तोच आहे!"

"असू दे हो," शेठ प्रेमाने म्हणाले. "आम्हालाही डोळे आहेत."

तिकडे मशीन सुरू झालं. भाऊजी मात्र जुनं प्रूफ एका हातात, नवं दुसऱ्या हातात धरून शेठच्या मागे पार गाडीपर्यंत गेले.