देवीने न घेतलेली ओटी

पलटणीत मी जखमी शिपायांची मलमपट्टी करीत असे. किती जण माझ्या हाताखाली बरे झाले ते आठवत नाही. पण एक शिपाई माझे मनगट धरूनच गेला, तो डोळ्यांसमोरून हलेना. त्यानंतर पट्टी हातात घेववेना. नाव कटवून अकोल्याला भावाकडे आलो. तो म्हणाला, विलायतेला कापूस पुरत नाही, अमरावतीच्या बाजारात माणसे कमी पडतात. गेलो आणि रुईच्या गाठी बांधू लागलो. रुईला रक्त नसते, एवढे मला पुरे होते.

तरी पट्ट्यांची गुंडाळी पेटीत होतीच. ती वाहून मोकळे व्हावे म्हणून एका मंगळवारी अंबादेवीला गेलो. बायका ओटी भरीत होत्या. जन्म छावणीत गेलेला. मला रीतभात कुठली! मीही नारळाखाली ती गुंडाळी ठेवून पुढे केली. शेजारच्या म्हातारीने कपाळावर हात मारला. ओटीला पांढरे चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने गुंडाळी माझ्या हातात कोंबली.

"आईनं नाई घेतलं, बावा. तुयं तुलेच ठेव."

बायका खुदखुदल्या. मी देवीवर रुसूनच बाहेर पडलो.

समोरच कापसाची गाडी उलटली होती. गाडीवानाची मांडी फाटून रक्ताची धार लागली होती आणि लोक नुसते हळद आणा, हळद आणा म्हणत होते. मला पळावेसे वाटले. पण हातात पट्ट्या घेऊन पळणार कुठे? बसलो. मांडी आवळून बांधू लागलो.

"मी वाचतो का, भाऊ?" त्याने विचारले.

पलटणीत यावर मी छाती ठोकून हो म्हणत असे. त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणालो, "ते आईले मालूम. मी बांधून राहिलो."

म्हणालो आणि छातीवरचा धोंडा उतरला. रक्त थांबले. बरे करणे माझ्याकडे कधी नव्हतेच. बांधणे तेवढे माझे. हे आधी कळते तर त्या शिपायाचे मरण मी माझ्या माथी घेऊन फिरलो नसतो.

आता बाजाराजवळच माझे मलमपट्टीचे छप्पर आहे. सरकी काढायच्या रेच्यात बोट चेंगरलेल्या बाया येतात, बैलाने लाथ मारलेले गडी येतात. यंदा त्या गाडीवानाचे लग्न झाले. मला मानाने पुढे बसवले होते. वाजंत्री सुरू झाली तशी नवरदेवाला राहवेना. मुंडावळ्या सावरीत तो लंगड्या पायाने नाचू लागला आणि नवरी तोंडाला पदर लावून हसली. आई, तुझे उपकार कसे फेडू? मीही उठलो आणि त्याच्यासोबत नाचलो.