रंगाची नवी बाटली

अक्का कुणाचा चेहरा आधी बघत नसत. डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या एका लहानशा इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवशी तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ म्हणून मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर उभी राहते न राहते तोच त्यांचा अंगठा माझ्या डोळ्याखाली. "फिकट आहेस. पालेभाजी खात जा गं," म्हणाल्या. झाडूवाली, दूधवाला, इतकंच काय, मोठे डॉक्टरही या तपासणीतून सुटले नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लग्न होऊन मी नागपूरहून बंगळूरला आले होते. अक्कांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेली. मी रक्ताचा थेंब पसरलेली काच घाईने मायक्रोस्कोपखाली सरकवली, की "स्वल्प थांब, रक्त कुठं पळून जात नाही," असं ऐकावं लागे. शिस्त मात्र कडक. पेशी मोजून होईपर्यंत काचेवरचं नाव वाचायचं नाही. "नाव कळलं की डोळा लबाडी करतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला हा चक्रमपणा वाटायचा.

ल्युकेमिया मला त्यांनीच दाखवला. एका मुलाच्या रक्ताची काच होती. जिकडे बघावं तिकडे मोठमोठ्या जांभळ्या पेशी. मी घाबरले. अक्का म्हणाल्या, "हाडांच्या आत मगज असतो, रक्त तिथं तयार होतं. या आजारात पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात आणि वाढत सुटतात. पंगतीत पोरंच सगळे पाट अडवून बसली, तर बाकीच्यांनी बसायचं कुठं? लाल पेशींना जागा नाही, म्हणून दम लागतो. रक्त गोठवणाऱ्यांना जागा नाही, म्हणून अंगावर काळेनिळे डाग. आणि पांढऱ्या एवढ्या असून लढणारी एक नाही, म्हणून ताप हटत नाही." मग त्यांनी काचेवरचं नाव वाचलं, आणि त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

पेशी रंगवायच्या रंगाची नवी बाटली आली, की आधी निरोगी रक्तावर तपासून घ्यायची असते. ते रक्त कायम अक्कांचंच. बोट पुढे करून म्हणत, "घे, नॉर्मल माल." त्यांच्या पेशी इतक्या देखण्या, की शिकणाऱ्या मुलींना आम्ही त्याच दाखवत असू.

अशीच एकदा एक बाटली आली. मी अक्कांचं बोट टोचलं, काच रंगवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मोठमोठ्या जांभळ्या पेशी, दाटीवाटीने. माझ्या तोंडून निघालं, "अक्का, रंग बिघडलाय." त्यांनी बराच वेळ बघितलं. "सरी, ठीक आहे," म्हणाल्या, "बाटली परत पाठव." मी पाठवली.

रंग बिघडला तर पेशी फिकट दिसतील, गडद दिसतील. संख्येने वाढतील कशा? एवढं मला कळत होतं, कारण ते अक्कांनीच शिकवलं होतं. तरीही मी जुन्या बाटलीतल्या उरलेल्या रंगावर काम रेटत राहिले. अक्का जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या, दंडावर निळा डाग दिसला. "बसमध्ये आपटलं असेल," त्या म्हणाल्या, आणि मी चक्क मान डोलावली. सगळ्यांच्या पापण्या ओढणाऱ्या बाईची पापणी बघायची आमच्यापैकी एकीलाही बुद्धी झाली नाही.

दुसरी बाटली तीन आठवड्यांनी आली. या वेळी मी दोन काचा केल्या, एक अक्कांच्या रक्ताची, एक माझ्या. माझी स्वच्छ होती. दोन्ही काचा घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि तिथेच रडले.

पुढे मोठं इस्पितळ, औषधं, गळलेले केस. सुरुवातीला उतार पडला, मग ताप परतला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांनी फार फरक पडला नसता. 'फार' हा शब्द मी तेव्हापासून मनात उलटापालटा करते आहे.

शेवटची भेटले तेव्हा मनाशी ठरवून गेले होते, की सगळं सांगायचं. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या, हिरड्यांतून येणारं रक्त रुमालाने टिपत. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "पहिल्या बाटलीच्या वेळीच तुला कळलं होतं ना?"

मी मान खाली घातली. "हो, अक्का."

"मलापण," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीची बारावी होती. म्हटलं, बाटलीच वाईट असू दे."

आठवड्याने त्या गेल्या. त्यांना तेव्हा खरंच कळलं होतं, का नुसतं माझं ओझं उतरवायला त्यांनी ते निम्मं स्वतःच्या अंगावर घेतलं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.