थांबली म्हणून नापास

मी इथे कानडी मुलखात फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवते. शेवटच्या वर्षी मुलांना बाहेरच्या दवाखान्यांत इंटर्नशिप करावी लागते. निम्मे गुण तिथला मालक देतो, निम्मे आम्ही, आणि दोन्हीकडे पास व्हावंच लागतं. ही पद्धत मला कधीच पटली नाही. मुलं ज्याच्याकडे फुकट राबतात, निकालही त्याच्याच हातात.

जयनगरच्या एका दवाखान्यानं माझ्या एका विद्यार्थिनीला नापास केलं. शेरा एका शब्दाचा होता: उद्धट. वर्गात ही मुलगी तोंड उघडायची नाही. मी तिला बोलावून विचारलं.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते," ती म्हणाली. "सरांनी जोर लावून पाय वाकवायला सांगितला. पण पोटरी सुजली होती, हाताला गरम लागत होती. रक्ताची गुठळी असेल या भीतीनं मी थांबले. सर म्हणाले, चालू ठेव. मी नाही म्हणाले, आजोबांच्या मुलासमोरच."

"मग?"

"मुलगा त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला. तपासणीत काही निघालं नाही. ते पुन्हा त्या दवाखान्यात आले नाहीत."

मी जयनगर गाठलं. दवाखान्याचा मालक चामराजपेटेतल्या आमच्याच जुन्या मराठी घरांपैकी एकातला. रिसेप्शनवर तो कन्नडमध्ये बोलला, आत दार लागल्यावर घरच्या मराठीत आला.

"अक्का, तुम्ही आपल्यातल्या. स्वल्प समजून घ्या. गुठळी नव्हती. पेशंट मात्र हातचा गेला."

"तुम्ही पोटरीला हात लावून पाहिलं होतंत?"

"इतकी वर्षं झाली मला या कामात."

"हात लावला होता का, ते विचारतेय."

तो खुर्चीत मागे रेलला. "माणसांसमोर तिनं मला खोटं पाडलं. त्याचे गुण द्यायचे?"

"ती थांबली. आम्ही तेच शिकवतो."

"मग तुमच्याकडेच ठेवा तिला. बाकीच्यांनाही ठेवा."

प्राचार्य त्याच्याच बाजूचे निघाले. "काही निघालं नाही म्हणजे तिचा अंदाज चुकला," ते म्हणाले. "चुकीला गुण कसे देणार, मॅडम?"

"शंका आल्यावर ती थांबली, सर. पुढे काय निघालं यावर गुण द्यायचे असतील, तर नशिबाचीच परीक्षा घ्या."

"ती जागा गेली तर उद्या मुलं कुठे पाठवायची, ते सांगा."

मी निकालावर सही करायला नकार दिला. स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं. मी गेले की चहा पिणारे कप घेऊन उठायचे. माझ्यामुळे सगळ्या वर्गाचा निकाल अडलाय, असं एकीनं मला ऐकवलंही. शेवटी हिचं नाव वगळून बाकीच्यांचा निकाल लागला. हिला मात्र इथल्याच शिवाजीनगरजवळच्या एका हॉस्पिटलात पुन्हा इंटर्नशिप करावी लागली. शेवटी तिथल्या प्रमुखबाईंनी आणि मी मिळून ती पेशंटला कशी हाताळते ते पाहिलं. ती चांगल्या गुणांनी पास झाली. पण तोवर हाताशी आलेली नोकरी दुसऱ्या कोणाला गेली होती.

गुणपत्रिका न्यायला ती आली तेव्हा दोन बरे शब्द ऐकायला मिळतील असं मला वाटलं होतं.

"तो माणूस कसा आहे, हे कॉलेजात माहीत होतं ना?" तिनं विचारलं.

"होतं."

"मग मला तिथे पाठवलंतच कशाला?"

गुणपत्रिका उचलून ती निघून गेली.

आता त्या दवाखान्यात दुसऱ्या कॉलेजची मुलं राबतात. परवा एका लग्नात तो मालक नेमका माझ्यासमोरच्या पानावर येऊन बसला.

"आता सगळं सरी ना, ठीक ना, अक्का?" त्यानं हसत विचारलं.

माझ्या पानावर वाढायला सुरुवात झाली होती. मी उठले आणि दुसऱ्या पंगतीची वाट बघत बाहेर उभी राहिले.