आवाज बंद म्हणजे काम बंद

विक्रमच्या उजव्या मांडीवर वीतभर व्रण आहे. कुत्रा चावला होता, असं तो सगळ्यांना सांगतो. कुत्र्याच्या चावण्याची एवढी सरळ रेघ मी तरी कुठे पाहिलेली नाही. पण हैदराबादेतल्या आमच्या मलकपेठेत कुणी त्याला उलट विचारत नाही. झाडं कापणाऱ्याच्या मांडीकडे बघायला कुणाला वेळ आहे?

विक्रम आरे मराठा, म्हणजे पिढ्यान् पिढ्या तेलंगणात राहिलेल्या मराठ्यांपैकी. आजोबांची जहीराबादकडे शेती. बाप शहरात आला आणि रेसकोर्सच्या घोड्यांना चारा पुरवू लागला. हा झाडांवर चढला. घरात मराठी, बाजारात दखनी, पोलिसांशी तेलुगू. वय शेहेचाळीस, मिशा रंगवलेल्या, तोंड अखंड चालू. "माझ्यासारखा वर जाणारा अख्ख्या हैदराबादेत नाही, मॅडम," हे मी त्याच्याकडून शंभरदा ऐकलंय, आणि माझ्या दारचा लिंब त्याने एकदा इतका वाकडा कापून ठेवलाय की त्याच्याकडे बघितलं की माझी मान दुखते.

झाड बुंध्यातून पाडायची कामं तो क्वचित घेतो. वाळलेल्या, चिरलेल्या, तारांवर आणि छपरांवर आलेल्या फांद्या वर जाऊन उतरवायच्या, हा त्याचा धंदा. 'उतरवायच्या' हा शब्द नीट वाचा. फांदी कापली की ती खाली कोसळायला नको. म्हणून तिला आधीच दोर बांधतात, तो वरच्या बेचक्यातून घेऊन खाली बुंध्याला दोन वेढे देतात, आणि खालचं माणूस तो हळूहळू सोडतं. खालचं माणूस चुकलं तर छप्पर जातं, नाहीतर वरचा माणूस जातो. विक्रमचं खालचं माणूस म्हणजे त्याची बायको भाग्यलक्ष्मी. नऊवारीचा काचा मारून, पायात नवऱ्याचे जुने बूट घालून ती दोर धरते. मी तिच्याहून भांडखोर बाई पाहिली नाही, आणि मी स्वतः काही गरीब गाय नाही.

आता त्या व्रणाचं सांगते, कारण त्याचा मला अजून संताप येतो.

वर चढलेला माणूस सतत कापत नसतो. निम्मा वेळ पाय कुठे ठेवायचा, कमरेचा दोर कुठे अडकवायचा, पुढची फांदी कशी बांधायची यात जातो. तेवढा वेळ फांद्या कापायची साखळी-करवतीची मशीन बंद करून कमरेला लटकवायची, हे शहाणपण. पण खाली खुर्च्या टाकून आमची माणसं बसलेली असतात. मशीनचा आवाज थांबला की यांच्या पोटात दुखतं. "ऐ, मशीन बंद कायकू है रे? सो गया क्या ऊपर?" पैसे देणाऱ्याला काम कानांनी मोजायची सवय. आवाज बंद म्हणजे काम बंद.

विक्रमने यावर त्याच्या मते फार हुशारीचा तोडगा काढला. पेट्रोलच्या मशीनचा रेसचा स्क्रू त्याने आवळून ठेवला. म्हणजे बोट काढलं तरी मशीन गुरगुरत राहणार, मालक खूश. पण रेस एवढी वाढवली की साखळी थांबत नाही, सावकाश फिरत राहते. साखळी जागच्या जागी रोखणारा पुढचा दांडा ढकलायचा, तर तोही हा ढकलायचा नाही, कारण मग आवाज दबतो. अशी फिरती साखळी कमरेला लटकवून हा माणूस एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जायचा. गेल्या उन्हाळ्यात एका बंगल्यात ती मांडीला लागली. खालून मालक ओरडत होता, "मशीन काय थांबली?" थांबली कारण विक्रमने ती रक्ताने माखलेल्या हाताने बंद केली होती.

भाग्यलक्ष्मीने त्याला खाली उतरवला तो फांदीसारखा, दोराने. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने एकच अट घातली. बॅटरीची मशीन घ्यायची. बोट काढलं की ती गप्प होते, साखळी उभी राहते. वजनाला हलकी, वर लोंबकळत दोरी खेचून चालू करायची कटकट नाही. "पेट्रोलची घेऊन वर गेलास तर मी दोर धरणार नाही," ती म्हणाली. जाड ओंडक्याला बॅटरी दमते, हे विक्रमचं म्हणणं खरं होतं. "जाड ओंडका खाली आल्यावर काप ना पेट्रोलने! जमिनीवर कोण नको म्हणतंय?" हे तिचं म्हणणंही खरं होतं. त्याने घेतली. मिरवलीसुद्धा.

आणि त्याची कामं गेली.

लोक म्हणायचे, हे काय खेळणं आणलंय? आवाजच नाही. हा वर बसून गाणी ऐकतो आणि आपण पैसे देतो. ज्याची मशीन मोठी आणि गरजणारी, तो खरा कारागीर! शिकलेली माणसं आहेत ही. पोरं अमेरिकेत, भिंतीवर पदव्या.

यात आमच्या सोसायटीचे अध्यक्ष एकनाथराव पहिले. महसूल खात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण समोरचा उभा आणि आपण खुर्चीत, ही मांडणी काही सुटली नाही. आमच्या आवारातला गुलमोहोर गाड्यांच्या शेडवर झुकला होता. वैशाखातल्या वावटळीत गुलमोहोराची फांदी काडीसारखी मोडते, म्हणून ती आधी उतरवणं भाग होतं. शिवाय शेजारच्या दोन सोसायट्यांसकट वर्षभराचं काम विक्रमला मिळणार होतं. बॅटरीची मशीनच येऊ दे, असं मी म्हटलं होतं. एकनाथरावांनी मला न जुमानता त्याला एकट्याला गाठून सांगितलं, "मोठी मशीन आणणार असलास तर ये. खेळणं आणू नकोस."

त्याने आणली. गोणपाटात गुंडाळून, ट्रॉली-ऑटोत दोरांच्या खाली. भाग्यलक्ष्मी नळावर पाणी भरायला गेली, तेवढ्यात हा वर गेला आणि गोणपाट त्याने स्वतःच दोराने ओढून घेतलं. ती परत आली, फांदीचा दोर हातात घेतला, बुंध्याला वेढे दिले. आणि वर पेट्रोलची मशीन गरजली.

एकनाथराव खुर्चीत सैलावले. "हां! याला म्हणतात मशीन."

भाग्यलक्ष्मीने दोर बुंध्याला बांधून टाकला, बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली.

"ए! दोर घे!" वरून विक्रम ओरडला.

"मशीन खाली सोड, मग घेते."

"फांदी अर्धी बांधलीय! लोक बघतायत!"

"बघू देत. मांडी पण दाखव त्यांना. कुठला कुत्रा होता ते सांग."

"भाग्या, वर्षाचं काम आहे हे!"

"हौ. आणि मी किती वर्षाची विधवा, ते पण मोजून ठेव."

एकनाथराव उठले. "ओ बाई, तमाशा नक्को. तुमचं भांडण घरी. दोर धरा."

"तुम्ही धरा साहेब," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "पेन्शन आहे ना? मग मेलात तरी घर चालतं."

गॅलरीतून कुणीतरी खिदळलं. मी खाली गेले. "एकनाथराव," मी म्हटलं, "तुम्हाला फांदी हवी आहे की आवाज? आवाज हवा असेल तर माझ्याकडे मिक्सर आहे, दिवसभर चालू ठेवते. त्या माणसाला खाली येऊ द्या."

"भारतीबाई, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

"तुम्हाला तरी कुठे कळतं! फक्त ऐकू येतं."

ते चिडले. वर मान करून ओरडले, "विक्रम! करणार असशील तर कर, नाहीतर दुसरे चार उभे आहेत!"

वरची मशीन गुरगुरत होती. विक्रम एका हाताने फांदीला धरून खाली बघत होता, एकदा एकनाथरावांकडे, एकदा बादलीकडे. बायकोने दोर धरला नाही तर तो कापू शकत नव्हता, आणि कापलं नाही तर वर्ष गेलं. मला वाटलं, हा मूर्ख आता फांदी तशीच शेडवर पाडणार. त्याने भाग्यलक्ष्मीला एक घाणेरडी शिवी दिली, तिने त्याच मापाची परत केली, आणि मग मशीन बंद झाली.

तो उतरला. मशीन ऑटोत आदळली. दोर गुंडाळताना फक्त बायकोला म्हणाला, "उद्यापासून घरी बस."

"बसते. तू पण बस."

दुसऱ्या दिवशी दुसरे आले. शिडी, पायात स्लीपर, एका हातात गरजणारी मशीन. दिवसभर थांबली नाही. गुलमोहोराचा त्यांनी खांब केला, एक पान ठेवलं नाही. कुणाला काही लागलं नाही, याचा आनंद मानायचा तर माना. एकनाथराव मला जिन्यात गाठून म्हणाले, "बघितलंत? याला काम म्हणतात." तीन सोसायट्यांचं काम त्या स्लीपरवाल्यांना गेलं.

पुढच्या आठवड्यात विक्रम माझ्या घरी आला. मला वाटलं काम मागायला. तो तक्रार घेऊन आला होता. तो झोपला असताना भाग्यलक्ष्मीने पेट्रोलची मशीन राणीगंजच्या बाजारात नेऊन विकली होती.

"तिला सांगा काहीतरी, मॅडम. माझी वस्तू! मला न विचारता!"

"चूक केली," मी म्हटलं. "गेल्या वर्षीच विकायला हवी होती."

तो रागाने लाल झाला, पण गेला नाही. पाणी प्यायला. मग मान खाली घालून म्हणाला, "नामपल्लीकडे एका शाळेतलं काम आलंय. सुट्टी आहे, बघायला कुणी नाही."

मी मुद्दाम तिकडे गेले. आवारात अशोकाच्या बाजूला शिरीषाचं म्हातारं झाड होतं. विक्रम वर, ती खाली. दोघांचा अबोला चालू होता. बॅटरीची मशीन घरघरायची, थांबायची. ती थांबली की वर पानं सळसळायची आणि विक्रमची पावलं ऐकू यायची. मग वरून एक शब्द, तोही तुसडा: "सोड."

खालून, तितकाच तुसडा: "सोडते."

आणि ती दोन माणसांएवढी फांदी हळूहळू जमिनीवर येऊन टेकली.