पारासमोरच्या नाड्या

सावली तालुक्यातल्या त्या गावात मी बदलीवर होतो, तेव्हा ती बाई रोज सकाळी फिरायला निघालेली दिसायची. वय साठीचं, अंगावर सुती लुगडं आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. चौकातल्या पारासमोर आली की ती हमखास थांबायची, खाली वाकायची आणि सावकाश बुटांच्या नाड्या बांधायची. पारावर पाय खाली सोडून बसलेले म्हातारे तेवढा वेळ दुसरीकडे बघायचे.

एक दिवस मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "बाई, दुहेरी गाठ मारत जा. मग सुटणार नाहीत."

ती हसली. "सुटत नाई भाऊ, मीच सोडतो."

"काऊन?"

"माही माय इथी आली का चपला काढून हातात घेये. पारासमोरून आमाले पायात घालून जायची मनाई होती. म्हणून मी इथीच बांधतो."

हे तिनं साऱ्या पाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मी गाठ शिकवायला निघालो होतो, आणि कोणाला!

तिनं दुसरी नाडी आवळली, पाय आपटून पाहिला आणि पाराला अगदी लागून चालू लागली. खाली सोडलेले पाय म्हाताऱ्यांनी एकेक करून वर घेतले.